स्टॅट मेक शिकायचंय? मग आधी हाताने मोजायला बसा

टीवाय बीएस्सीला किंवा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स समोर येतं तेव्हा बहुतेकांचं सारखंच होतं. पहिल्या लेक्चरला फेज स्पेस, दुसऱ्याला लिऊव्हिल थिअरम, तिसऱ्याला मायक्रोकॅनॉनिकल, कॅनॉनिकल आणि ग्रँड कॅनॉनिकल अशी तीन एन्सेम्बलची नावं फळ्यावर येतात आणि तिथून पुढचं सगळं डोक्यावरून जायला लागतं. मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डेरिव्हेशन पाठ करायची, पेपरात ओतायची, मार्क घ्यायचे. पण वायवाला कोणी सहज विचारलं की बाबा रे, टेम्परेचर म्हणजे नक्की काय, तर सगळे एकमेकांकडे बघतात.

विषय सोपा आहे असं मी म्हणणार नाही, सोपा नाहीच आहे. पण माझं मत असं की आपण तो उलट्या टोकाने शिकतो. हा मुळात मोजायचा विषय आहे, एखादी गोष्ट किती प्रकारे घडू शकते ते मोजायचं, एवढंच. छोट्या छोट्या सिस्टिम घेऊन कागदावर प्रत्यक्ष मोजलं की एन्सेम्बल वगैरे नंतर आपोआप जागेवर बसतात, आणि न मोजता थेट एन्सेम्बलला हात घातला की ती तीन नावं शेवटपर्यंत नावंच राहतात. म्हणून खाली जो क्रम देतोय तो सिलॅबसचा क्रम नाहीये, सिलॅबस शेजारी ठेवा आणि हे समांतर करा.

सुरुवातीला काय लागतं

गणित फार लागत नाही. बारावीचं परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लॉगचे नियम, पार्शल डेरिव्हेटिव्ह, जिओमेट्रिक सिरीजची बेरीज आणि गाऊशियन इंटिग्रल, झालं. थर्मोडायनॅमिक्समधलं पहिला नियम, दुसरा नियम आणि फ्री एनर्जी म्हणजे यू वजा टीएस हे तरी पक्कं हवं. क्वांटममधून फक्त दोन गोष्टी: बॉक्समधल्या कणाच्या लेव्हल्स आणि हार्मोनिक ऑसिलेटरच्या लेव्हल्स. वेव्ह फंक्शन नाही आलं तरी चालेल, एनर्जी लेव्हल्स यायला पाहिजेत.

स्टर्लिंगचं सूत्र लागेलच, एन फॅक्टोरियलचा लॉग म्हणजे अंदाजे एन लॉग एन वजा एन. (या लेखात लॉग म्हणजे सगळीकडे नॅचरल लॉग.) ते नुसतं मान्य करू नका, कॅल्क्युलेटर घ्या आणि तपासा. एन १० असेल तर खरं उत्तर १५.१०, सूत्राचं १३.०३, म्हणजे जवळजवळ १४ टक्के चूक. एन १०० घेतला की खरं ३६३.७ आणि सूत्राचं ३६०.५, चूक १ टक्क्याच्या आत. आता १०^२३ ला चूक किती राहील याचा विचार करा. हे एकदा स्वतः केलं की "एवढं सोडून दिलं तर चालतं का सर?" हा प्रश्न परत पडत नाही.

आणि एक आकडा झोपेत विचारला तरी सांगता आला पाहिजे: ३०० केल्विनला केटी म्हणजे ४.१४ × १०^-२१ ज्यूल, इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये साधारण १/४०. यातला के म्हणजे बोल्ट्झमान कॉन्स्टंट, १.३८०६४९ × १०^-२३ ज्यूल प्रति केल्विन. २०१९ पासून ही किंमत व्याख्येनेच पक्की ठरवलेली आहे, मोजून काढलेली नाही. या विषयात कुठलीही एनर्जी समोर आली की पहिला प्रश्न हाच, ती केटीपेक्षा मोठी का छोटी? निम्म्या गणितांचं उत्तर तिथेच कळतं.

पायरी १: नाणी

नाणेफेकीचं गणित सगळ्यांनी केलेलं असतं म्हणून लोक हे वगळतात, वगळू नका. चार नाणी घ्या. नेमकं कुठलं नाणं छापा आणि कुठलं काटा ही पूर्ण यादी म्हणजे मायक्रोस्टेट, अशा १६ याद्या. एकूण किती छापे पडले एवढंच सांगितलं तर ते मॅक्रोस्टेट, आणि त्यांच्या वाट्याला १, ४, ६, ४, १ अशा याद्या येतात. प्रत्येक यादी सारख्याच शक्यतेची, हे या विषयातलं मुख्य गृहीतक. बाकीचा सगळा डोलारा यावरच उभा आहे.

आता १०० नाणी घ्या. बरोब्बर ५० छापे पडायची शक्यता फक्त ८ टक्के. कमी वाटते ना? पण ४० ते ६० च्या मध्ये कुठेही पडायची शक्यता ९६ टक्क्यांच्या वर. १०,००० नाण्यांना ४९ ते ५१ टक्के या पट्ट्यात यायची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे नेमका मध्य गाठायची शक्यता कमी कमी होत जाते पण मध्याभोवतीचा पट्टा टक्केवारीत अरुंद होत जातो, एक भागिले वर्गमूळ एन या हिशोबाने. एक लिटर हवेत साधारण २.५ × १०^२२ रेणू असतात, डब्याच्या मध्यावर एक काल्पनिक रेघ मारली तर डाव्या बाजूच्या संख्येतला चढउतार एक लाख कोटीत सहा भाग एवढाच निघतो. कुठल्या प्रेशर गेजला तो दिसणार?

थर्मोडायनॅमिक्सचे नियम इतके ठाम का असतात त्याचं उत्तर हे आहे. कोणी रेणूंना अर्ध्या-अर्ध्या वाटणीची सक्ती करत नाही, बाकीच्या वाटण्या संख्येत इतक्या मागे पडतात की त्या कधी दिसत नाहीत.

पायरी २: दोन सॉलिड, सहा क्वांटा (इथे वेळ घाला)

पूर्ण विषयात एकच गोष्ट नीट करायची असेल तर ही करा. एक संध्याकाळ पुरते.

आइन्स्टाइन सॉलिड म्हणजे काही सुटे ऑसिलेटर, प्रत्येकात एनर्जी ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे क्वांटामध्ये येते. एन ऑसिलेटरमध्ये क्यू क्वांटा किती प्रकारे वाटता येतात? क्यू ठिपके आणि त्यांच्यात एन वजा १ उभ्या रेघा काढा, त्यांची मांडणी मोजा, उत्तर (क्यू + एन − १) सी क्यू.

आता ए नावाच्या सॉलिडमध्ये २ ऑसिलेटर, बी मध्ये ४, दोघं एकमेकांना चिकटवलेले आणि दोघांत मिळून ६ क्वांटा. ए ला क्यू क्वांटा मिळाले तर त्याचे प्रकार क्यू + १. बी ला ०, १, २, ३, ४, ५, ६ क्वांटा मिळाले तर प्रकार अनुक्रमे १, ४, १०, २०, ३५, ५६, ८४. आता जोड्या लावून गुणाकार करा:

ए ला ० (बी ला ६): १ × ८४ = ८४
ए ला १: २ × ५६ = ११२
ए ला २: ३ × ३५ = १०५
ए ला ३: ४ × २० = ८०
ए ला ४: ५ × १० = ५०
ए ला ५: ६ × ४ = २४
ए ला ६: ७ × १ = ७

बेरीज ४६२, आणि सहा ऑसिलेटरमध्ये ६ क्वांटा वाटायचे एकूण प्रकार ११ सी ६, तेही ४६२. ताळा जुळला.

या सात ओळींकडे जरा वेळ बघत बसा, भरपूर माल आहे. ए कडे सगळी एनर्जी गेली तर फक्त ७ प्रकार, म्हणजे तसं होऊच शकत नाही असं नाही, ४६२ पैकी ७ वेळा होईल. गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता "जाते" म्हणजे एवढंच की जास्त प्रकार त्या बाजूला आहेत. सगळ्यात जास्त प्रकार ए ला १ असताना आहेत, पण सरासरी काढली तर बरोब्बर २ येते, जी ऑसिलेटरच्या वाट्याने यायलाच हवी. म्हणजे सर्वात संभाव्य किंमत आणि सरासरी वेगळ्या! पुस्तकं या दोन्ही गोष्टी बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतात, आणि १०^२३ ला ते चालतं, पण सहा ऑसिलेटरला चालत नाही हे आपण आत्ताच बघितलं.

आता टेम्परेचर. ए ला शून्यावरून एक क्वांटम मिळाला तर त्याचे प्रकार १ चे २ होतात, लॉगमध्ये वाढ ०.६९. तोच क्वांटम बी कडून गेला, ८४ चे ५६ झाले, लॉगमध्ये घट ०.४१. ए चा फायदा बी च्या तोट्यापेक्षा जास्त, म्हणून क्वांटम ए कडे ओढला जातो. पुढचा क्वांटम बघा, ए चे २ चे ३ होतील, वाढ ०.४१, पण बी चे ५६ चे ३५, घट ०.४७. आता तोटा जास्त, त्यामुळे ओढ थांबते. म्हणजे तोल कुठे येतो? जिथे एक क्वांटम इकडे-तिकडे केल्याने दोघांच्या लॉगमध्ये होणारा बदल सारखा होतो तिथे.

प्रकारांच्या लॉगला के ने गुणा, ती एन्ट्रॉपी. एनर्जी वाढवल्यावर एन्ट्रॉपी किती वेगाने वाढते तो स्लोप म्हणजे १/टी. दोन वस्तूंचं टेम्परेचर सारखं होतं म्हणजे हे स्लोप सारखे होतात. पाठ करायला काही उरलंच नाही. एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, गोंधळ वगैरे जे ऐकलं असेल ते बाजूला ठेवा, आपण आत्ता ती बोटं मोजून काढली.

व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत बोल्ट्झमानच्या थडग्यावर एस = के लॉग डब्ल्यू हे सूत्र कोरलंय, त्यातला डब्ल्यू म्हणजे हीच प्रकारांची संख्या. गंमत म्हणजे कल्पना बोल्ट्झमानची, १८७७ सालची, पण या रूपात सूत्र लिहिलं ते नंतर प्लांकने.

पायरी ३: बोल्ट्झमान फॅक्टर

आता बी ला प्रचंड मोठा करा, इतका की ए ने कितीही एनर्जी घेतली तरी बी चा स्लोप हलत नाही. याला म्हणतात हीट बाथ. आणि ए ला इतका छोटा करा की तो एकच अणू आहे, त्याची एकेक स्टेट आपण नावानिशी सांगू शकतो. अणूने एप्सिलॉन एवढी एनर्जी घेतली तर बाथची तेवढी कमी झाली, बाथच्या प्रकारांचा लॉग एप्सिलॉन/केटी ने कमी झाला, म्हणजे प्रकार ई^(-एप्सिलॉन/केटी) पटीने कमी झाले. अणूची ती स्टेट सापडायची शक्यता त्याच प्रमाणात. संपलं डेरिव्हेशन. पानभर लिहायचं असेल तर लिहा, पण आत मजकूर एवढाच आहे: अणू जास्त एनर्जी घ्यायला "कचरतो" ते स्वतःमुळे नाही, बाथचे प्रकार कमी होतात म्हणून.

लगेच आकडे घालून बघा. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. हवेच्या एका सरासरी रेणूचं वस्तुमान साधारण ४.८ × १०^-२६ किलो, तो समुद्रसपाटीला न राहता शिखरावर असेल तर एमजीएच जवळजवळ ७.८ × १०^-२२ ज्यूल. ३०० केल्विनच्या केटीने भागा, ०.१९ येतं. ई^(-०.१९) म्हणजे ०.८३. म्हणजे शिखरावर हवा समुद्रसपाटीच्या ८३ टक्के. उंचीप्रमाणे तापमान बदलतं ते आपण धरलेलं नाही, तरी अंदाज खऱ्याच्या अगदी जवळ जातो. हीच कल्पना ज्यां पेराँने १९०८ च्या सुमाराला पाण्यात तरंगणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांवर वापरली, मायक्रोस्कोपमधून वेगवेगळ्या उंचीवरचे गोळे मोजले आणि त्यातून अवोगाद्रो संख्या काढली. अणू खरंच असतात का यावर तोवर भांडणं चालू होती, ती यानंतर मिटत गेली आणि १९२६ मध्ये पेराँला नोबेल मिळालं.

दुसरं उदाहरण सूर्याचं. पृष्ठभाग ५८०० केल्विन, केटी बरोबर अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. हायड्रोजनच्या पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला १०.२ लागतात. ई चा घात वजा २०.४, म्हणजे १.४ × १०^-९. पण थांबा, दुसऱ्या लेव्हलवर स्टेट्स ८ आहेत आणि पहिलीवर २, म्हणून ४ ने गुणायचं. एक अब्ज अणूंमागे पाच-सहा. हा डिजनरसीचा (एका लेव्हलवर किती स्टेट्स आहेत त्याचा) ४ विसरणे ही परीक्षेतली नंबर एकची चूक आहे, दरवर्षी. बोल्ट्झमान फॅक्टर एका स्टेटसाठी असतो, लेव्हलसाठी नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तोच हिशोब अणूतून इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायला लावला, १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, तर असं वाटेल की १०,००० केल्विनलासुद्धा हायड्रोजन आयनाइझ होणं अशक्य. पण ताऱ्यांच्या विरळ वातावरणात साधारण तेवढ्याला तो बऱ्यापैकी होतो. कारण मोकळ्या इलेक्ट्रॉनला फिरायला प्रचंड स्टेट्स उपलब्ध असतात, ई चा घात खाली खेचतो आणि स्टेट्सची संख्या वर खेचते. हा हिशोब मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडला आणि ताऱ्यांच्या स्पेक्ट्रमवरून त्यांचं तापमान काढायची वाट मोकळी झाली. एनर्जी विरुद्ध संख्या ही ओढाताण ओळखायला शिकलात की फेज ट्रान्झिशनपासून प्रोटीनच्या घडीपर्यंत सगळीकडे तीच दिसते.

पायरी ४: झेडचं मशीन

सगळ्या स्टेट्सचे बोल्ट्झमान फॅक्टर बेरीज केले की पार्टिशन फंक्शन, झेड. मुळात ही फक्त शक्यतांची बेरीज १ यावी म्हणून खाली भागायची संख्या आहे. पण तिच्यातून सगळं निघतं: बीटा म्हणजे १/केटी घ्या, झेडच्या लॉगचं बीटाने डेरिव्हेटिव्ह घेऊन उणे चिन्ह लावलं की सरासरी एनर्जी, आणि उणे केटी लॉग झेड म्हणजे फ्री एनर्जी, तिथून प्रेशर, एन्ट्रॉपी, मॅग्नेटायझेशन, जे हवं ते.

पहिलं गणित टू-लेव्हल सिस्टिमचं करा. लेव्हल्स शून्य आणि एप्सिलॉन, झेड म्हणजे १ + ई^(-एप्सिलॉन/केटी). सरासरी एनर्जी येते एप्सिलॉन भागिले (ई^(एप्सिलॉन/केटी) + १). आता दोन्ही टोकं तपासा, ही सवय कायमची लावून घ्या. टी शून्याकडे गेला की एनर्जी शून्य, ठीक. टी अनंताकडे गेला की? खूप जण एप्सिलॉन म्हणतात, सगळे वर जाणार म्हणून. नाही, अर्धा एप्सिलॉन. कितीही तापवलं तरी वरच्या लेव्हलवर खालच्यापेक्षा जास्त जात नाहीत, फार तर निम्मे-निम्मे. म्हणून हीट कपॅसिटी दोन्ही टोकांना शून्य आणि मध्ये उंचवटा, केटी साधारण ०.४२ एप्सिलॉन असताना, उंची ०.४४ के. याला शॉट्की अनॉमली म्हणतात. प्रयोगात असा उंचवटा दिसला की लोक उलट हिशोब करून लेव्हल्समधलं अंतर काढतात.

यानंतर तीन लेव्हल्स, मग डिजनरसी असलेल्या तीन, मग चुंबकीय क्षेत्रातले एन स्पिन. जॅम, गेट, नेटच्या जुन्या पेपरांतले स्टॅट मेकचे बरेच प्रश्न याच घरातले असतात, फक्त कपडे बदललेले. पेपर सोडवताना ऑप्शन्समध्ये आधी टी शून्य आणि टी अनंत घालून बघा, अनेकदा दोन ऑप्शन तिथेच बाद होतात.

मग हिरा

हार्मोनिक ऑसिलेटरचा झेड काढा. लेव्हल्स समान अंतरावर, म्हणून बेरीज जिओमेट्रिक सिरीज, दोन ओळींत सुटतं. त्यातून हीट कपॅसिटी काढली की तुम्ही आइन्स्टाइनच्या १९०७ च्या पेपरात पोचलात.

त्या आधीची अडचण अशी होती की ड्युलाँग-पेटीचा १८१९ चा नियम म्हणतो घन पदार्थाची हीट कपॅसिटी ३आर, म्हणजे मोलला जवळजवळ २५ ज्यूल प्रति केल्विन. शिसं नियम पाळतं, बरेच धातू पाळतात, पण हिरा रूम टेम्परेचरला सहाच्या आसपास. क्लासिकल इक्विपार्टिशनकडे, म्हणजे प्रत्येक ऑसिलेटरला सरासरी केटी एवढी एनर्जी मिळते या नियमाकडे, याला उत्तर नाही. आता तुमच्या सूत्रात हिऱ्यासाठी आइन्स्टाइन टेम्परेचर (एका क्वांटमची एनर्जी भागिले के) १३२० केल्विन घाला, टी ३०० घाला, ६.१ येतं. हा १३२० आकडा डेटावर बसवूनच काढलेला आहे, त्यामुळे एका बिंदूवर फार हुरळून जाऊ नका, ५०० आणि १००० केल्विनला काय येतं तेही काढा आणि पूर्ण ग्राफ रेखा. कार्बनचे अणू हलके आणि बाँड ताठ, म्हणून क्वांटम मोठा, रूम टेम्परेचरच्या केटीच्या चौपटीहून जास्त, त्यामुळे बहुतेक ऑसिलेटर तळाशीच अडकलेले. अगदी खालच्या तापमानाला मात्र हे मॉडेल फार लवकर शून्याकडे झेपावतं, खरा पदार्थ टीच्या घनाने कमी होतो, ते १९१२ मध्ये डिबायने दुरुस्त केलं. डिबाय आत्ता वाचला नाही तरी चालेल, सॉलिड स्टेटमध्ये परत भेटतो.

पायरी ५: गॅस आणि एन फॅक्टोरियल

आयडियल गॅसचं डेरिव्हेशन कुठल्याही पुस्तकात आहे, ते इथे लिहीत नाही. फक्त एका जागी थांबा: एका कणाच्या झेडचा एन वा घात घेतल्यावर खाली एन फॅक्टोरियल का येतो. तो घातला नाही तर एकाच गॅसच्या दोन सारख्या डब्यांमधला (प्रत्येकात एन कण) पडदा काढल्यावर एन्ट्रॉपी २एन के लॉग २ ने वाढते असं उत्तर येतं, जे वेडेपणाचं आहे कारण नायट्रोजनमध्ये नायट्रोजन मिसळून काहीच झालेलं नाही. कण एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, म्हणून अदलाबदलीचे प्रकार वेगळे मोजायचे नाहीत. पण क्रिस्टलमधल्या अणूंना स्वतःची जागा असते, तिथे एन फॅक्टोरियल घालायचा नाही! गणित वाचताना पहिल्यांदा हे बघायचं.

हा फॅक्टोरियलचा उपाय पुरेसा कधी असतो? थर्मल वेव्हलेंग्थ, म्हणजे त्या तापमानाला कणाची क्वांटम लाट साधारण किती पसरलेली असते ते काढा, एच (प्लांक कॉन्स्टंट) भागिले वर्गमूळ २ पाय एम केटी. रूम टेम्परेचरच्या नायट्रोजनला ०.०१९ नॅनोमीटर, आणि रेणूंमधलं अंतर साडेतीन नॅनोमीटरच्या आसपास, मग चिंता नाही. तांब्यातल्या इलेक्ट्रॉनला ४.३ नॅनोमीटर आणि इलेक्ट्रॉनमधलं अंतर फक्त ०.२३. म्हणजे कण एकमेकांवर चढलेले, मोजणीच बदलावी लागते.

पायरी ६: बोस आणि फर्मी

परत छोटी सिस्टिम. दोन कण, दोन खोके. ओळखता येणारे कण असतील तर ४ प्रकार, दोघं एकाच खोक्यात असायची शक्यता १/२. बोसॉन (ओळखता न येणारे, एका खोक्यात कितीही मावतात) असतील तर प्रकार ३, शक्यता २/३. फर्मिऑन (ओळखता न येणारे, एका खोक्यात एकच) असतील तर प्रकार १, शक्यता शून्य. काहीही बळ लावलेलं नाही, फक्त मोजायची पद्धत बदलली आणि बोसॉन एकत्र जमायला लागले, फर्मिऑन एकमेकांना टाळायला लागले.

सत्येंद्रनाथ बोस तेव्हा ढाका विद्यापीठात होते. प्लांकचा नियम त्यांनी फोटॉनची अशी मोजणी करून काढला आणि जून १९२४ मध्ये पेपर थेट आइन्स्टाइनला पाठवला, आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून तो छापून आणला. पुढे त्यातूनच कंडेन्सेशनचं, म्हणजे थंड बोसॉन सगळ्यात खालच्या स्टेटमध्ये गोळा होण्याचं भाकीत आलं, जे विरळ वायूत प्रत्यक्ष दिसायला १९९५ उजाडलं, रुबिडियमच्या अणूंमध्ये. फर्मीच्या बाजूचं उदाहरण तांब्याचंच घ्या, फर्मी एनर्जी (खालून एकेक स्टेट भरत गेल्यावर शेवटच्या इलेक्ट्रॉनची एनर्जी) ७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, टेम्परेचरच्या भाषेत ८०,००० केल्विनच्या वर. त्यापुढे ३०० केल्विन म्हणजे काहीच नाही, म्हणून धातूतले इलेक्ट्रॉन रूम टेम्परेचरच्या हीट कपॅसिटीत जेमतेम भाग घेतात.

ग्रँड कॅनॉनिकल एन्सेम्बल इथे पहिल्यांदा खरंच उपयोगी पडतं, म्हणून ते इथेच शिका. पायरी ३ चाच युक्तिवाद, फक्त बाथ आता एनर्जीबरोबर कणही देतो-घेतो, आणि एक कण दिल्याने बाथच्या लॉगमध्ये किती फरक पडतो ते केमिकल पोटेन्शियल सांगतं. एकेका लेव्हलसाठी झेड लिहा, फर्मिऑनला दोनच टर्म, बोसॉनला जिओमेट्रिक सिरीज, दोन्ही डिस्ट्रिब्युशन चार ओळींत निघतात.

एर्गोडिसिटी, लिऊव्हिल वगैरे आता वाचा. आधी वाचलं तर भार होतो, आता वाचलं तर प्रश्न कळतो.

पायरी ७: कॉम्प्युटरवर आयझिंग

आतापर्यंतचे सगळे कण एकमेकांशी न बोलणारे होते. बोलायला लागले की हाताने मोजणं जवळपास संपतं, आणि इथे पायथन उघडायचं. आयझिंग मॉडेल म्हणजे चुंबकाचं सोपं चित्र: २० × २० चं जाळं, प्रत्येक घरात +१ किंवा −१ (स्पिन), शेजारी सारखे असतील तर एनर्जी −जे, उलट असतील तर +जे (जे म्हणजे शेजाऱ्यांमधल्या ओढीची ताकद). कडा एकमेकांना जोडून टाका, म्हणजे प्रत्येकाला चार शेजारी मिळतात.

१९५३ ची मेट्रोपोलिस पद्धत वापरा. कुठलंही एक घर निवडा, ते उलटवलं तर एनर्जी किती बदलेल ते काढा, चार शेजाऱ्यांमुळे बदल −८, −४, ०, ४ किंवा ८ जे एवढाच असू शकतो. बदल शून्य किंवा ऋण असेल तर उलटवा. धन असेल तर ० ते १ मधला रँडम नंबर घ्या, तो ई^(-बदल/केटी) पेक्षा लहान असेल तरच उलटवा, नाहीतर आहे तसं राहू द्या, आणि न उलटवलेली पायरीसुद्धा सरासरीत धरा (हे विसरलं की आकडे बिघडतात आणि का ते सापडत नाही). बदल फक्त पाच प्रकारचे असल्यामुळे घातांक दरवेळी काढायची गरज नाही, आधीच टेबल करून ठेवा, प्रोग्रॅम बराच फास्ट होतो.

केटी १ जे ठेवा, ४ जे चा अडथळा पार करायची शक्यता १.८ टक्के, जाळं बहुतेक एकाच रंगाचं होऊन बसतं. कधीकधी दोन जाड पट्टे पडून तिथेच अडकतं, घाबरू नका, सगळे +१ पासून सुरुवात करून परत चालवा. केटी ४ ला सगळं मीठ-मिरी. आणि २.२७ च्या आसपास हळूहळू जा, तिथे लहान-मोठ्या सगळ्या आकाराचे पुंजके दिसतात, आणि ते स्थिर व्हायला प्रचंड वेळ लागतो, म्हणून तिथे रन लांब ठेवा. ऑनसेगरने १९४४ मध्ये हाताने काढलेलं नेमकं उत्तर २.२६९. आयझिंगने स्वतः १९२५ मध्ये एका ओळीतले स्पिन सोडवले होते, त्यात फेज ट्रान्झिशन येतच नाही, तेही तुमच्याच प्रोग्रॅममध्ये शेजारी दोन करून बघता येईल.

तुमच्या ग्राफमध्ये मॅग्नेटायझेशन (सगळ्या घरांची सरासरी) २.२६९ ला कड्यासारखं कोसळणार नाही, उतार येईल, शेपटी राहील. कोड चुकलाय असं समजून रात्रभर डिबग करू नका. ४०० घरं म्हणजे अनंत नाही, १० × १०, २० × २०, ४० × ४० असे तीन ग्राफ एकावर एक काढा, जाळं मोठं होईल तसा उतार उभा होत जाताना दिसेल.